बाबा दोरीच्या आत गेले

गोल्फ आमच्या घरात आला तो जळक्या ऑइलच्या वासासकट. बाबा गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत माळी होते, आणि तिथल्या साहेबलोकांनी हौसेनं एक छोटं गोल्फचं मैदान करून घेतलं होतं. मैदान कसलं, पावसाळ्यात हिरवं आणि होळीनंतर पार भाजून निघालेलं माळरान. चेंडू शेवटी ज्या खड्ड्यात घालायचा, त्याच्या भोवती मोठ्या शहरात म्हणे मऊ कातरलेलं गवत असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसांना पाणी मिळायची मारामार, तिथं गवताला कोण पाजणार? म्हणून खड्ड्याभोवती बारीक रेती पसरायची, तिच्यात गॅरेजमधलं जळकं ऑइल कालवायचं आणि चोपून चोपून काळंभोर गोल अंगण करायचं. साहेब त्याला ब्राऊन म्हणत. गावातली माणसं सरळ खळं म्हणत, कारण ते दिसायचंच ज्वारी मळायच्या खळ्यासारखं.

या खळ्यांचे राखणदार म्हणजे आमचे बाबा. रेतीवर चेंडू येऊन थांबला की आधीच्यांच्या पावलांचे खड्डे आणि ओरखडे मध्ये आडवे येत. मग बाबा लांब दांड्याला ठोकलेली फळी घेऊन पुढे होत आणि खड्ड्यापासून चेंडूपर्यंत उलट्या पावलांनी ती ओढत आणत. मागे गुळगुळीत, सरळ वाट उमटायची. साहेबानं फक्त त्या वाटेवरून चेंडू ढकलायचा. रेतीच्या मैदानावर ही मुभाच असते. बाबा कधीही चपला घालून त्या रेतीवर गेले नाहीत. चपला काठावर काढायच्या, मग आत. खळ्यात कोणी चप्पल घालून जातं का? तिथं धान्य नव्हतं, तेल होतं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण सवय ती सवय.

संध्याकाळी बाबा सायकल टेकवून अंगणात आले की त्यांच्याआधी तो वास आत यायचा. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "हे भूत आधी मोरीत जाऊ द्या, मंग घरात या." त्यांचे कपडे वेगळ्या दोरीवर वाळत. आमच्या गावाला तसेही आपले स्वतःचे आवाज आणि वास भरपूर होते. दुपारी चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडाला की फळीवरची पितळी भांडी एकदम बोलायला लागत आणि आई फोडणी टाकता टाकता एका हातानं पाण्याचा मोठा गुंड धरून ठेवी. कपाशीच्या पानांवर, ओट्यावर, वाळत घातलेल्या वड्यांवर कारखान्याची पांढरी भुकटी बसे. ज्वारीची भाकर, भेदऱ्याची, म्हणजे टोमॅटोची, चटणी आणि वर जवसाची चटणी तेल घालून, हे आमचं रात्रीचं जेवण. आता डॉक्टरांनी मला तेल कमी करायला सांगितलंय. जवसाची चटणी तेलाशिवाय खाऊन पाहिली. तोंडात नुसता भुसा फिरतो.

माझा थोरला भाऊ देवा त्या काळ्या खळ्यांवरच खेळ शिकला आणि बघता बघता चांगला खेळायला लागला. आधी नागपूर, मग कुठली कुठली शहरं करत तो पैशांसाठी खेळणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. गावात कोणाला हे समजावून सांगायची सोय नव्हती. "काय करते गा तुहा पोरगा?" या प्रश्नाला बाबा "चेंडू मारते" असं उत्तर देत आणि विषय बदलत. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे, भीती वाटे. घरी आला की दादा आईजवळ चुलीपुढे बसून हळू आवाजात सांगायचा की यंदा कुठे काय चुकलं. आणि चुकलेलं बरंच असायचं.

दिवाळीत एकदा जेवताना बाबांनी शेवटचं काय ते सांगून टाकलं. त्यांनी कारखान्यातल्या एका साहेबाकडे शब्द टाकून पॅकिंग विभागात दादासाठी जागा बोलून ठेवली होती. "हंगामात नाव झालं तं ठीक," ते म्हणाले. "नाई तं मार्चपासून पॅकिंगात उभा राह्य. साहेबाले शब्द देऊन राह्यलो मी. हातचं सोडून पळत्याच्या मागं किती धावशील?" दादा भाकरीचा तुकडा मोडत राहिला. मी मध्ये बोलले, कारण गप्प बसणं मला तेव्हाही जमत नसे. "बाबा, तुम्हीच तं त्याले खळ्यावर नेत होते ना?" बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "नेलं म्हणूनच तं मले झोप लागत नाई." दादानं ताटात हात धुतला आणि म्हणाला, "बरं बाबा. मार्च."

हंगाम संपत आला तरी दादाचं काही जमलं नाही. शेवटची स्पर्धा तेवढी उरली होती आणि ती नेमकी नागपुरात होती. ती जिंकली तरच पुढच्या वर्षी त्याला खेळायला जागा मिळणार होती. दुसरा आला तरी पॅकिंग. आमच्या शेजारचे रहीमचाचा शिंपी होते. दादाची प्रत्येक पॅन्ट त्यांच्या हातची. शिवाय आमच्या आळीत मोबाईल त्यांच्याकडेच होता, त्यामुळे दादाचा रोज संध्याकाळी फोन यायचा तो त्यांच्या दुकानात. तिसऱ्या संध्याकाळी चाचा इंचटेप गळ्यात तशीच ठेवून, अनवाणी पळत आमच्या ओसरीवर आले. "भाऊ, पोरगा फक्त दोन फटक्यांनी मागं आहे! उद्या शेवटचा दिवस! मी जीप सांगून आलो." बाबा बिडी विझवून उठले. "चला," ते म्हणाले. "येताना त्याचं सामान घेऊनच येऊ."

पहाटेच्या धुक्यात जीप निघाली तेव्हा तिच्यात मुंगीलाही जागा नव्हती. बाबा, आई, मी, रहीमचाचा आणि बाकी सगळी शंकरपटाच्या नादाची गावातली माणसं. बैलांच्या शर्यतीत गळा फाटेपर्यंत ओरडून आपली जोडी पुढे काढायची, एवढा एकच खेळ त्यांना ठाऊक. राजुरा मागे पडलं, चंद्रपूर मागे पडलं, वरोऱ्याला चहा झाला. आई मांडीवर सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा घेऊन बसली होती, तो तिनं कोणालाही उघडू दिला नाही. "देवासाठी आहे," असं म्हणून ती झाकणावर हात ठेवी. वास मात्र सगळ्या जीपभर फिरत होता आणि मागच्या बाकावरून उसासे ऐकू येत होते.

मैदानावर पोचलो आणि सगळ्यात आधी मला बाबांचा चेहरा दिसला. एवढं गवत एका जागी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. खाली वाकून त्यांनी त्यावरून तळहात फिरवला आणि पुटपुटले, "याले पाणी कोण देत असन बापा!" दोरीच्या कडेनं टोप्या घातलेली, गॉगल लावलेली मंडळी हळू आवाजात बोलत उभी होती. तिथे आमची फौज दाखल झाली, गळ्यात दुपट्टे, पायात धूळ. एका मुलानं 'शांतता' लिहिलेली पाटी वर केली तेव्हा आमच्यातल्या एकानं ती मोठ्यानं वाचून दाखवली.

फलकावर दादाच्या नावापुढे वजाची खूण होती. आईनं अंकांपुरतं शिक्षण घेतलेलं, पण वजा म्हणजे काय हे तिला पक्कं माहीत होतं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अवं सुमे, पोरगा शून्याच्याही खाली गेला वं!" तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली की आई, इथं फटके जितके कमी तितकं चांगलं, जितकं खाली तितकं वर. ती बराच वेळ माझ्याकडे संशयानं बघत राहिली.

शांत राहायचं शिकवणं त्याहून अवघड होतं. दादा चेंडूवर वाकला रे वाकला की मागून कोणीतरी "हाण बे!" म्हणणार हे ठरलेलं. दादा एकदा थांबला, आमच्याकडे बघितलं आणि हसू दाबत मान हलवली. तेव्हा रहीमचाचांनी सूत्रं हातात घेतली. "ऐका! चेंडू निघाला की वरडा. निघाच्या आधी जो वरडन, त्याले मी वापस नेत नाई, पायी या गावाले!" मग मजा झाली. दादा फटका मारेपर्यंत सगळे दुपट्टा दातात धरून उभे, आणि फटका बसला की एकदम बांध फुटायचा. "चाल, चाल, चाल! अबे थांब! थांब ना राजा!" चेंडू जणू आपला बैल. टोपीवाल्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग हसले, आणि दुपार कलता कलता त्यातलेच काहीजण आमच्या सुरात "चाल, चाल" म्हणायला लागले. मला अजून आठवतं, पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी माझा हात घट्ट धरून विचारलं, "तुमचा कोण तो?" मी म्हणाले, "माझा दादा." हे सांगताना माझा ऊर इतका भरून आला की पुढचा फटका मला दिसलाच नाही.

दादा त्या दिवशी खरंच पेटला होता. ज्या दिल्लीच्या खेळाडूच्या तो मागे होता त्याला त्यानं हळूहळू गाठलं. शेवटून दुसऱ्या होलवर, म्हणजे शेवटून दुसऱ्या खड्ड्याच्या डावात, चेंडू अडथळा म्हणून मुद्दाम केलेल्या वाळूच्या खळग्यात गेला तेव्हा आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण रेती म्हटल्यावर त्यांना वाटलं पोचला! टोपीवाले चकित होऊन आमच्याकडे बघत होते. पण रेतीत वाढलेल्या पोराला रेतीची काय भीती? दादानं त्यातून चेंडू असा उचलला की तो होलच्या खड्ड्याजवळ येऊन बसला. दोघे बरोबरीत आले. आता एकच होल राहिला होता.

शेवटच्या होलवर दिल्लीवाल्याचं आधी झालं. दादाचा चेंडू खड्ड्यापासून लांब होता, पण एका फटक्यात आत गेला तर तो जिंकणार होता. नाही गेला तर दोघांना पुन्हा तोच होल खेळावा लागणार, आणि दिल्लीवाला तसल्या अटीतटीत पटाईत आहे असं त्या पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या. सगळं मैदान त्या एका हिरव्या वर्तुळाभोवती गोळा झालं होतं. आई पाठ फिरवून खाली बसली. दादानं चेंडूच्या जागी नाणं ठेवलं, चेंडू उचलला आणि आमच्याकडे पाठ करून तो पुसू लागला. मध्ये नाण्यापासून खड्ड्यापर्यंतच्या गवतावर कडुनिंबाची वाळकी पानं वाऱ्यानं येऊन पडली होती.

मी बाजूला बघितलं तर बाबा नव्हते. त्यांच्या चपला होत्या, दोरीच्या काठाला, एकीला एक लावून ठेवलेल्या.

बाबा आत गेले होते. अनवाणी, धोतराचा सोगा खोचलेला, हातात घडी केलेला दुपट्टा. ते थेट खड्ड्याशी गेले, वाकले आणि उलट्या पावलांनी दुपट्टा ओढत, पानं बाजूला सारत, गवत दाबत नाण्याकडे यायला लागले. जसं ते वर्षानुवर्षं आले होते. कोणाचीही परवानगी घ्यायची असते हे त्यांच्या मनातही नव्हतं. पोराच्या वाटेत कचरा होता आणि तो काढायचं काम त्यांचंच होतं. मोठ्यानं हसू की रडू मला कळेना. नाण्याच्या अलीकडे ते थांबले, नाण्याला हात लावला नाही, आणि समाधानानं कमरेवर हात ठेवून मागे पाहिलं. गवतावर एक सरळ, चकचकीत पट्टा उमटला होता. तेवढ्यात दोन माणसं धावत आली आणि त्यांनी बाबांच्या दंडाला धरलं.

दादा वळला आणि जागच्या जागी थिजला. खेळाचा पंच चालत आला. उंच, मिशीवाला, बोलायला लागला तर मराठीच निघाला. "हे गृहस्थ कोण?" दादा म्हणाला, "बाबा आहेत माझे." "तुम्ही यांना असं करायला सांगितलं होतं?" सगळं मैदान ऐकत होतं. दादानं सांगितलं असतं, किंवा बघूनही थांबवलं नसतं, तर दंड बसून सामना तिथंच हातचा गेला असता. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसत होतं की बाबांचा चेहरा राखेसारखा झालाय. "साहेब," बाबा म्हणाले, "त्याले नका बोलू. त्याले काई मालूम नाई. मी तं रोजच करतो हे. माह्यानं पोराचं नुकसान झालं का?" दादा म्हणाला, "नाही साहेब, मी सांगितलं नव्हतं. मी पाठमोरा होतो." पंचानं दिल्लीच्या खेळाडूकडे पाहिलं. तो काठीवर टेकून उभा होता. म्हणाला, "सर, अंकल सच में खुद ही आ गए. मैंने देखा." पंचानं मिशीवरून बोट फिरवलं. "तुम्हाला माहीत नव्हतं, तर दंड नाही. खेळा. आणि बाबा, आपण दोरीबाहेर." बाबा बाहेर आले ते चपला घालायचंही विसरून. मी त्यांचा हात धरला.

दादानं चेंडू ठेवला. खाली बसून बघितलं, उठला, पुन्हा बघितलं. आणि मग भलत्याच बाजूला तोंड करून उभा राहिला. बाबांनी झाडलेल्या सरळ पट्ट्यावर तो चेंडू मारणारच नव्हता. त्याची नजर पट्ट्याच्या डावीकडे, हातभर लांब, वर चढणाऱ्या गवताकडे होती. बाबांच्या खळ्याला चढउतार कधी नव्हता. सरळ वाट पाडायची, सरळ चेंडू जायचा, एवढंच त्यांना ठाऊक. "अरे, साफ केलं तिथून मार ना," ते पुटपुटायला लागले, "तिकडं कुठी जाऊन राह्यला..." रहीमचाचांनी एका हातानं त्यांचं तोंड दाबलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं.

फटका बसला. चेंडू पट्टा सोडून डावीकडे निघाला आणि चढत गेला. आमच्यातलं कोणीही ओरडलं नाही. मुभा असूनही ओरडलं नाही. बाबांनी डोळे मिटले आणि चाचांच्या तळहाताआडून "गेलं" एवढंच म्हणाले. मी नाही मिटले. म्हणून मला दिसलं की वर चढून चेंडू मंदावला, थांबतो की काय असं झालं, आणि मग जणू आठवण झाल्यासारखा उजवीकडे वळला. उतारानं त्याला ओढलं. तो खाली येत गेला, बाबांच्या पट्ट्यावर तिरका शिरला, आणि आता तो ओलांडून पलीकडेच जाणार असं वाटत असताना खड्ड्याच्या काठावर टेकला. आत पडला तेव्हाचा आवाज मी ऐकला. इतक्या माणसांत तो छोटासा आवाज कसा ऐकू आला हे मला आजही सांगता येणार नाही, पण मी ऐकला.

त्यानंतर जे झालं त्याला गलका म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. दुपट्टे हवेत गेले. आमचा जीपवाला, जो दिवसभर "हा काय पोरखेळ" म्हणत होता, तो गवतावर लोळत होता. रहीमचाचा हसत होते, रडत होते आणि ज्याला त्याला सांगत होते, "पॅन्ट माह्या हातची आहे! पाह्य, पॅन्ट पाह्य!" पांढऱ्या केसांच्या बाई माझ्या गळ्यात पडल्या, त्यांची टोपी कुठे गेली त्यांचं त्यांना कळलं नाही. 'शांतता'ची पाटी घेऊन उभा असलेला मुलगा पाटी डोक्यावर उलटी धरून नाचत होता. आणि या सगळ्यात आई पाठमोरी बसून जिवाच्या आकांतानं विचारत होती, "काय झालं वं? पडला का? कोण पडलं?" मी ओरडले, "चेंडू पडला आई, चेंडू!" "पडला म्हणजे चांगलं का वाईट?" मी तिला उठवलं, वळवलं आणि म्हणाले, "चांगलं! लय चांगलं!" तेव्हा तिनं डबा उघडला आणि जो समोर आला त्याच्या तोंडात, टोपीवाला असो की दुपट्टेवाला, सांबारवडी कोंबायला सुरुवात केली. पंचालाही एक मिळाली.

बाबा तेवढे हलले नाहीत. डोळे उघडून ते नुसते खड्ड्याकडे बघत उभे होते. गर्दीतून वाट काढत दादा आमच्याकडे आला, दोरीपाशी थांबला. दोघे समोरासमोर. एवढं जिंकून आलेलं पोर, पण त्याच्या चेहऱ्यावर दिवाळीच्या रात्रीचीच भीती होती. मिठ्या मारायची आमच्याकडे पद्धत नाही. बाबांनी हातातला दुपट्टा झटकला, नीट घडी घातली, दादाच्या खांद्यावर ठेवली.

"जमलं म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"जमलं, बाबा."

"पुढच्या सालीबी खेळाचं?"

"हो बाबा."

बाबांनी मान हलवली. मग रहीमचाचांकडे वळून, इतक्या मोठ्यानं की आसपासच्या टोपीवाल्यांनाही ऐकू जावं, ते म्हणाले, "चाचा, तो मोबाईल आना इकडे. साहेबाले फोन लावतो. म्हणतो, साहेब, पॅकिंगात दुसरं कोणी पाह्या. माह्या पोराले येळ नाई."